स्फटिक पडत नाहीत, तळाशी तेल साचते, रंग जात नाही: बेंझॉइक ॲसिड शुद्ध करताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांचे निवारण

आधी लक्षणे. यातले कुठले तुमच्या टेबलावर दिसते आहे ते बघा:

- द्रावण खोलीच्या तापमानाला आले तरी नितळच आहे, एकही स्फटिक नाही.
- गरम द्रावणाच्या तळाशी तेलकट थेंब दिसतात आणि थंड झाल्यावर त्यांचा कडक गोळा होतो.
- गाळताना नरसाळ्याच्या दांडीतच पांढरा लगदा अडकतो आणि थेंब पडायचे थांबतात.
- स्फटिक पडले, पण पिठासारखे बारीक किंवा पिवळट.
- स्फटिक दिसायला सुरेख, पण वजन अपेक्षेच्या निम्मेही भरत नाही.
- सुकवलेला नमुना १२२ अंश सेल्सिअस या बेंझॉइक ॲसिडच्या द्रवणांकाच्या (वितळण्याच्या तापमानाच्या) बराच आधी वितळू लागतो आणि वितळणे लांबत जाते.

उदाहरणासाठी बेंझॉइक ॲसिड घेतले आहे, कारण घरी शिकायला ते फार सोयीचे. साध्या पाण्यातून त्याचे स्फटिक पाडता येतात (उकळत्या पाण्यात विरघळवायचे, गरमच गाळायचे, सावकाश थंड करायचे), पेट घेणारा द्रावक लागत नाही, आणि शुद्ध झाले की नाही हे द्रवणांकावरून तपासता येते. तपासण्यांचा हाच क्रम इतर अनेक सेंद्रिय पदार्थांना लागू पडतो, फक्त आकडे बदलतात.

तपासणीला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करा. शेवटचे कोरडे स्फटिक तोलून होईपर्यंत काहीही ओतून द्यायचे नाही. गाळून खाली आलेले पाणी, धुतलेले पाणी, गाळणकागद, सगळे चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. "पदार्थ गेला" असे ज्या वेळी वाटते, त्या वेळी तो बहुधा यापैकीच कशात तरी असतो. तो मोरीत गेला नसेल तर परत मिळवता येतो.

१. द्रावण खरोखर थंड झाले आहे का?

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. फ्लास्क बाहेरून कोमट लागतो म्हणजे आतले द्रावण अजून चाळीस अंशांच्या आसपास आहे. थर्मामीटर बुडवून बघा. खोलीच्या तापमानाला आल्यावर अर्धा तास न हलवता ठेवा, मग बर्फाच्या पाण्यात ठेवून पुन्हा अर्धा तास थांबा. स्फटिकाचा पहिला कण तयार व्हायला वेळ लागतो. तो एकदा झाला की बाकीचे भराभर होते. घाईने पुन्हा उकळायला ठेवलेली निम्मी द्रावणे नुसती थांबली असती तरी सुटली असती.

२. पाणी किती घातले, याचा हिशेब मांडा

कागद-पेन्सिलीची तपासणी. माझ्या अनुभवात "स्फटिकच पडत नाहीत" या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण इथेच सापडते.

१०० मिलिलिटर पाण्यात बेंझॉइक ॲसिड ० अंशाला सुमारे ०.१७ ग्रॅम विरघळते, २० अंशाला ०.२९ ग्रॅम, ६० अंशाला १.२ ग्रॅमच्या आसपास, ८० अंशाला २.७ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ५.६ ग्रॅम. हा उतार केवढा आहे बघा. गरम पाण्यात मावलेला जवळजवळ सगळा पदार्थ थंड पाण्याला सोडून द्यावा लागतो, आणि आपली सगळी पद्धत त्याच फरकावर उभी आहे.

आता समजा, एक ग्रॅम पदार्थ तुम्ही ४०० मिलिलिटर पाण्यात विरघळवला. २० अंशाला एवढे पाणी १.१६ ग्रॅम धरून ठेवू शकते. म्हणजे तुमचा अख्खा ग्रॅम त्यात आरामात राहील आणि तुम्ही आठवडाभर थांबलात तरी काही पडणार नाही. बर्फात ठेवले तरी ०.६८ ग्रॅम पाण्यातच राहील, हाती येईल जेमतेम तिसरा हिस्सा. तोच ग्रॅम २५ मिलिलिटरमध्ये विरघळवला असता तर २० अंशाला फक्त ०.०७ ग्रॅम मागे राहिला असता.

म्हणून ग्रॅममागे २५ मिलिलिटर उकळते पाणी हा माझा ठरलेला हिशेब. विद्राव्यतेप्रमाणे १८ मिलिलिटर पुरते, पण गरम गाळताना द्रावण थोडे निवते आणि थोडे पाणी वाफ होऊन जाते, त्यासाठी एवढी सूट हवीच. पाणी अंदाजाने ओतू नका, मोजपात्राने घाला. आधी हिशेबाच्या तीन चतुर्थांश घाला, उकळी आणा, मग थोडे थोडे वाढवा.

एक सापळा इथे आहे. कच्च्या मालात न विरघळणारी घाण असेल, वाळूचे कण, कागदाचा धागा, आधीच्या गाळणीतला कोळसा, तर ती विरघळावी म्हणून माणूस पाणी घालतच राहतो. ती विरघळणारच नाही. दोन वेळा पाणी वाढवूनही तळाचा कचरा तेवढाच दिसत असेल तर हात थांबवा. तो गाळून काढायचा आहे.

३. काचकांडीने आतली भिंत घासा

हिशेब बरोबर आहे, द्रावण थंड आहे, तरी काही दिसत नाही? मग ते अतिसंपृक्त झाले असण्याची शक्यता मोठी. पाण्यात मावतो त्याहून जास्त पदार्थ विरघळलेला आहे, पण कुठून सुरुवात करावी याला आधार नाही. नव्या, गुळगुळीत काचेत हे जास्त वेळा होते.

काचकांडीचे टोक द्रावणाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली, आतल्या भिंतीवर टेकवा आणि खालीवर रेघा ओढा. जोर लावायची गरज नाही, बारीक कुरकुर ऐकू आली की पुरे. एक-दोन मिनिटे घासून फ्लास्क उजेडाकडे धरा. घासलेल्या रेघेवर आधी पांढरट धूसर ओरखडा दिसतो, मग त्याच ओरखड्यातून चकचकीत पात्या बाहेर येऊ लागतात आणि फ्लास्क फिरवला की त्या उजेडात लुकलुकतात. हे दृश्य मला अजूनही तितकेच आवडते. काचेचा खरबरीतपणा आणि निघालेले सूक्ष्म कण यांच्यावर रेणूंना ओळीने बसायला जागा मिळते, म्हणून हा उपाय चालतो.

पातळ भिंतीच्या स्वस्त बाटलीत हे करू नका. प्रयोगशाळेच्या काचेचाच फ्लास्क हवा.

४. बीज टाका

घासूनही काही होत नसेल तर मूळ कच्च्या पदार्थाचा मोहरीहून लहान कण थंड द्रावणात सोडा. एवढ्यासाठी कच्च्या मालातली चिमूटभर नेहमी राखून ठेवावी. ती राखली नसेल तर काचकांडी द्रावणात बुडवून हवेत सुकू द्या, टोकावर जी पांढरी पूड येते तिचेच बीज होते.

गरम द्रावणात टाकलेले बीज विरघळून जाते आणि मग "बीजही चालले नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. थंड द्रावणातही ते विरघळून दिसेनासे झाले, तर तुम्हाला उत्तर मिळाले: द्रावण संपृक्तच नाही, पाणी जास्त आहे. सरळ सहाव्या तपासणीकडे जा.

५. पीएच कागद

तुमचे बेंझॉइक ॲसिड सोडियम बेंझोएटपासून, हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून बनवलेले असेल, तर ही तपासणी वगळू नका. पीएच म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, जितका कमी तितके आम्ल जास्त. सोडियम बेंझोएट थंड पाण्यातही भरपूर विरघळते, १०० मिलिलिटरमध्ये साठ ग्रॅमच्या वर. म्हणजे जेवढा पदार्थ क्षाराच्या रूपात राहिला तेवढा स्फटिकरूपात कधीच पडणार नाही, मग घासा, बीज टाका, बर्फात ठेवा, काहीही करा. बेंझॉइक ॲसिडचा पीकेए ४.२ आहे, म्हणजे असे: द्रावणाचा पीएच ४.२ असेल तर विरघळलेल्या पदार्थातला निम्मा भाग अजून क्षारच असतो. पीएच २ च्या आसपास आणला की जवळजवळ सगळे ॲसिड मोकळे होते.

कागद तीनच्या वर दाखवत असेल तर विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने, ढवळत घाला. चष्मा आणि हातमोजे घालूनच. पुष्कळदा इथेच पांढरे ढग उठतात आणि प्रश्न संपतो. हिशेबाला धरून सांगायचे तर १० ग्रॅम सोडियम बेंझोएटपासून जास्तीत जास्त साडेआठ ग्रॅम बेंझॉइक ॲसिड मिळू शकते. वजन त्याहून जास्त भरले तर माल ओला आहे किंवा त्यात मीठ अडकले आहे.

६. जास्तीचे पाणी उडवा

इथून पुढे कष्ट आणि धोका दोन्ही वाढतात.

पाणी कमी करायचे तर सरळ धडाडून उकळू नका. बेंझॉइक ॲसिड वाफेबरोबर उडते. झाकणीची काच थोडा वेळ ठेवून उचललीत तर तिच्या खालच्या बाजूला नाजूक पांढऱ्या सुया चिकटलेल्या दिसतील, त्या तुमच्याच पदार्थाच्या आहेत. तीच वाफ नाकात गेली की घसा खवखवतो आणि खोकला येतो. खिडकी उघडी ठेवा, फ्लास्कवर वाकू नका, उकळीचे खडे (उकळी एकसारखी यावी म्हणून टाकतात ते सच्छिद्र तुकडे) पाणी गार असतानाच टाका. तापलेल्या द्रावणात खडे टाकले तर ते एकदम उसळून बाहेर येते.

पाणी ग्रॅममागे २५ मिलिलिटरपर्यंत खाली आले की थांबा. पदार्थ थोडाच असेल तर मी उकळण्यापेक्षा रुंद बशीत, धूळ बसणार नाही अशा जागी, दोन-तीन दिवस नुसते ठेवणे पसंत करतो. वेळ लागतो, पण वाया काही जात नाही.

७. तेलकट थेंब

हे लक्षण बघून लोक सर्वांत जास्त गोंधळतात. तळाशी गोल, जड, किंचित पिवळट थेंब. ही घाण आहे असे समजून ती गाळून काढली जाते आणि तिच्याबरोबर चांगला मालही जातो.

बहुतेक वेळा ते थेंब म्हणजे तुमचाच पदार्थ असतो, पाणी मिसळल्याने आणि अशुद्धीमुळे आपल्या द्रवणांकाच्या खूप खालीच द्रव झालेला. ॲसिटॅनिलाइडमध्ये हे अगदी नेमके दिसते. त्याचा द्रवणांक ११४ अंश, पण पाण्यात प्रमाण जास्त झाले तर ८३ अंशांच्या वर ते तेलासारखे वेगळे होते. बेंझॉइक ॲसिडही उकळीच्या जवळ, पाणी कमी पडले की असेच वागते.

ओळखायचे कसे? उकळत्या द्रावणात दहा मिलिलिटर उकळते पाणी घाला आणि एका थेंबावर नजर ठेवा. तो आक्रसत गेला तर तो पदार्थच आहे. सगळे थेंब नाहीसे होईपर्यंत पाणी वाढवा, वर थोडे जास्त घाला आणि मग अगदी सावकाश निवू द्या. पाणी घालूनही थेंब जसाच्या तसा राहिला तर ती खरोखर वेगळी वस्तू आहे.

थेंब तसेच थंड होऊ दिले तर कडक गोळा होतो. तेल पुष्कळ अशुद्धी आपल्यात विरघळवून घेते, आणि गोठताना ती आतच कोंडली जाते. स्फटिक मात्र एकेक थर चढत वाढतो, त्याच्या रचनेत न बसणारा रेणू बाहेर राहतो. म्हणून गोळ्याला स्फटिक समजून सुकवू नका. तो पुन्हा विरघळवायचा.

८. नरसाळे तुंबते

थंड नरसाळ्यात गरम द्रावण ओतले की दांडीतच स्फटिक पडतात. आखूड दांडीचे नरसाळे घ्या, गाळणकागदाच्या पंख्यासारख्या घड्या घाला म्हणजे पृष्ठभाग वाढतो, आणि आधी उकळते पाणी ओतून नरसाळे-कागद दोन्ही तापवून ते पाणी फेकून द्या. द्रावण एकदम न ओतता थोडे थोडे ओता, उरलेले तोवर गरमच ठेवा. तुंबलेच तर कागदासकट सगळे पुन्हा फ्लास्कमध्ये टाका, थोडे पाणी वाढवा आणि तापवून परत गाळा. आणि द्रावणात मुळात न विरघळलेला कचरा दिसतच नसेल, तर गरम गाळण्याची ही पायरी सरळ वगळा.

९. पिवळेपणा जात नाही

आधी एकदा साधे पुनर्स्फटिकीकरण करून बघा. रंग बहुधा पाण्यात राहतो आणि स्फटिक पांढरे येतात. एवढ्याने न भागल्यासच सक्रिय कोळसा वापरा, तोही पदार्थाच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. कोळसा रंगाबरोबर तुमचा पदार्थही धरतो, म्हणून मूठभर टाकला तर रंग जाईल आणि मालही.

उकळत्या द्रावणात कोळसा कधीही टाकू नये. त्याच्या असंख्य छिद्रांमुळे उकळी एका क्षणात फसफसून वर येते आणि काळे, उकळते द्रावण हातावर सांडते. द्रावण आचेवरून उतरवा, उकळी पूर्ण बसू द्या, कोळसा घाला, मग पाच मिनिटे हलके तापवून गरमच गाळा. गाळलेल्यात करडी झाक असेल तर बारीक कागदातून पुन्हा गाळा.

१०. वजन कमी, स्फटिक बारीक

बारीक पीठ पडणे म्हणजे बहुतेक वेळा गरम फ्लास्क थेट बर्फात ठेवलेला असतो. एकाच वेळी लाखो कण सुरू होतात, कुठलाच वाढत नाही, आणि त्यांच्यामधल्या फटींत मळके पाणी अडकते. फ्लास्क झाकून, जाड कापडात गुंडाळून, कोणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवा. बर्फ शेवटी, खोलीचे तापमान आल्यावर.

वजन कमी भरले तर धुण्याचे पाणी तपासा. स्फटिकांवरचे मळके पाणी तसेच सुकू दिले तर त्यातली घाण स्फटिकांवरच बसते, म्हणून धुणे आवश्यक आहे. पण बर्फाच्या पाण्याने, दोन-तीन वेळा, दरवेळी पाच मिलिलिटर. नळाच्या पाण्याने मोकळ्या हाताने धुतले की हिशेबातली ०.२९ ग्रॅम दर शंभर मिलिलिटरला निघून जाते.

११. द्रवणांक खाली, पल्ला लांब

शुद्ध पदार्थ एक-दोन अंशांच्या आत वितळतो. पल्ला (वितळायला सुरुवात होते तिथपासून शेवटापर्यंतचे अंतर) पाच-सहा अंशांचा असेल तर आधी नमुना पूर्ण कोरडा आहे का बघा. दोन गाळणकागदांत दाबून, मग दोन दिवस हवेत. भट्टीत घाई केली तर बेंझॉइक ॲसिड उडून जाते. मग थर्मामीटर तपासा: वितळत्या बर्फात ०, उकळत्या पाण्यात १००. समुद्रसपाटीपासून उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला सुमारे एक अंश वजा धरा. शेवटचे दहा अंश मिनिटाला एक-दोन अंश या गतीनेच चढवा, नाहीतर पारा पुढे आणि नमुना मागे असे होते.

नुसत्या आकारावरून पदार्थ ओळखला असे समजू नका. १८३२ साली व्होलर आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बेंझॉइक ॲसिडच्याच घराण्यातल्या बेंझामाइडच्या रेशमी सुया पाहिल्या, आणि त्या सुया आपोआप वेगळ्या आकाराच्या ठसठशीत स्फटिकांत बदललेल्याही. रेणू तोच, ठेवण वेगळी.

सगळे नीट असूनही पल्ला आवळत नसेल तर सोबतची अशुद्धी पाण्यात जवळजवळ तशीच विरघळणारी असावी. सॅलिसिलिक ॲसिड हे त्याचे नेहमीचे उदाहरण: २० अंशाला सुमारे ०.२ ग्रॅम, उकळत्या पाण्यात भरपूर. असे दोन पदार्थ पाण्यातून कितीदाही पाडले तरी बरोबरच खाली येतात. किंचित नमुना पाण्यात घेऊन फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक ॲसिड आहे, फिकट बदामी साका आला तर बेंझॉइक. जांभळा आला तर पाण्याचा मार्ग इथे संपला.

कुठे थांबायचे

पाणी चालत नाही म्हणून घरात इथर, बेंझिन, क्लोरोफॉर्म किंवा पेट्रोलियमचे द्रावक तापवायला घेऊ नका. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून सरकत जाऊन दूरच्या ठिणगीवर पेटते. साधे इथेनॉलही थंड खोलीत पेट घेण्याइतकी वाफ सोडते. वाफ ओढून घेणारे बंदिस्त कपाट, ज्योत नसलेली तापवणी आणि शेजारी जाणता माणूस नसेल तर इथेच थांबा.

बाटलीत नेमके काय आहे हे माहीत नसेल, तापवताना पदार्थ काळा पडत असेल, वायू किंवा तिखट वास सुटत असेल, तर आच बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर या. जुन्या इथरच्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसले तर ती उचलू नका, उघडू नका, हलवू नका. ते स्फोटक पेरॉक्साइड असू शकते. लोकांना दूर करून अग्निशमन दलाला कळवा.

घरी शुद्ध केलेला कुठलाही पदार्थ तोंडात किंवा अंगाला जाऊ द्यायचा नाही, आणि प्रयोगाचे भांडे स्वयंपाकात परत जायचे नाही. बेंझॉइक ॲसिड खाद्यपदार्थ टिकवायला वापरतात, पण तो माल तपासलेला असतो, तुमच्या फ्लास्कमधला नाही.

द्रावक बदलायची वेळ आली तर महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात किंवा तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळेत विचारा. जाताना कोरडा नमुना, बाजूला ठेवलेले द्रावण आणि एक कागद न्या: मूळ पदार्थ कुठला आणि किती, पाणी किती, गाळले कधी, पीएच किती, वितळायला सुरुवात कुठे झाली आणि शेवट कुठे.